रुमालाखालचा हात

आबांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि तोंडात एकच शब्द उरला, 'त्ये'. धुळ्याकडच्या गावाहून मी वडिलांना जळगावला माझ्या घरी आणलं. दुपारच्या चहानंतर ते डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवत आणि 'त्ये, त्ये' सुरू होई. मी पाणी द्यायची, चष्मा, आईचा फोटो. धरून जिन्यापर्यंतसुद्धा नेऊन आणलं. मान नाहीच म्हणायची. मग ते रडायचे आणि मी भांडी आपटायची. बापाला काय हवंय एवढंही कळू नये, याचा मला भयंकर संताप यायचा.

आबा उभा जन्म बैलबाजारात दलाल होते. तिथे सौदा तोंडाने होत नाही. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात आणि बोटं दाबून बोलणं होतं, भोवतीच्या गर्दीला पत्ताही लागत नाही. त्या रुमालाखाली बायकांना जागा नव्हती, म्हणून मला त्यातलं काही येत नव्हतं. पण जीभ अडली तर बोटं बोलतील, हे मला सुचलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. आबांच्या बाजारातल्या जोडीदाराला, नानांना, फोन केला. बोटांत नुसता भाव नसतो, 'हो', 'नाही', 'थांब' सगळं असतं, असं ते म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने आले.

त्यांना बघून आबा वाकड्या तोंडाने हसले. नानांनी खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला.

"सांग भो, काय जोयजे तुले?"

रुमाल हलू लागला. आबांचा चेहरा एकदम बाजारातला झाला, डोळे बारीक, नजर भलतीकडे. मी ओट्याशी देव पाण्यात घालून उभी होते.

बऱ्याच वेळाने नाना म्हणाले, "समजनं भो, समजनं." आबांनी समाधानाने डोळे मिटले. रुमाल त्यांच्यापाशीच ठेवून नाना उठले.

जिन्यात मी विचारलं, "काय म्हणाले?"

"बेटी, जीभनं दुखनं नही शे हाई. बोटे बी बठ्ठं भुली ग्यात. नुसता दाबी राह्यना तो."

"बोटंही सगळं विसरलीत, मग समजलं कशाला म्हणालात?"

"काय सांगू मंग त्याले?" म्हणाले आणि डोळे पुसत उतरून गेले.

डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, जीभ धड आहे, आतले शब्दच सापडत नाहीत. बोटांचेही शब्दच असतात, हे कुणाच्या डोक्यात येणार?

आता चहानंतर आबा दाराकडे बोट करत नाहीत. रुमाल माझ्यापुढे धरतात. मी हात घालते. ते दाबतात, थांबतात, पुन्हा दाबतात आणि माझ्याकडे आशेने बघतात. नानांना समजलं, म्हणजे मलाही समजणार.

परवा मला ते बघवेना. म्हटलं, "समजलं, आबा."

त्यांनी लगेच माझा हात सोडला, निवांत मागे टेकले आणि मी ते घेऊन येईन म्हणून वाट बघत बसले.