थोरल्या जावयाचा फेटा

आधी हातातला चहा संपवा, मंग सांगतो. न्हाईतर सांडाल.

मस्तगडात माझं भांड्याचं दुकान. राग नाकावर. सासरवाडीत मानपानावरून मी रुसलो न्हाई असं एक लग्न दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो.

मेव्हण्याच्या पोरीचं लग्न आष्टीला ठरलं, अन् आमच्या शोभानं सांगून टाकलं, "भावाच्या मांडवात तमाशा केला, तर मी तिथंच राहीन. बिलकुल परत येणार न्हाई." हे ती हळू आवाजात बोलली, म्हणून मी घाबरलो.

तिनंच मला मनाच्या डॉक्टरणीकडं नेलं. मॅडम म्हणाल्या, "राग आला की डोळे मिटा, छातीवर हात ठेवा, श्वासाकडं लक्ष द्या. आत काय होतंय ते नुसतं बघा. खरंच राग आहे, का दुसरंच काही?"

"बघून करायचं काय?"

"काही नाही."

काहीच न करायचं शिकायला मी दोन महिने गेलो. सांगा आता.

लग्नाचा दिवस. फेटेवाला जावयांच्या रांगेत आला. दोन्ही साडूंना फेटे बांधले, अन् मी थोरला जावई, माझ्या टकलासमोरून सरळ निघून गेला. समोर बायकांत शोभा, माझ्यावर नजर लावून.

मी डोळे मिटले. छातीवर हात ठेवला. आत बघतो तर आधी नुसती आग. मंग आगीच्या खाली दुसरंच काहीतरी. अरे, हा राग न्हाईच, आपल्याला विसरले म्हणून वाईट वाटून राह्यलंय! पन्नाशीत पहिल्यांदा कळलं. डोळ्यातून टपकन पाणी आलं.

इकडं मांडवात बोलणं सुरू.

"दाजीला फेटा न्हाई, अन् दाजी गप?"

"छाती धरली बघा त्यांनी."

"जीप काढा जल्दी!"

मॅडमनं सांगितल्तं, मधेच उठायचं न्हाई. मी बराबर डोळे मिटून बसलो. कुणी नाकाला कांदा लावला, चौघांनी उचललं. डोळे उघडले तेव्हा मी जीपमधी, अन् शोभा रडून राह्यली, "अहो बोला ना. चिडा ना थोडं."

"अगं, काय न्हाई, वाईट वाटून राह्यलंय फक्त."

"कुठं?"

मॅडमनं शिकवल्तं तसं खरं सांगितलं, "इथं, छातीत."

जीप सुटली ती थेट परतूरच्या दवाखान्यात. तिथं मशीन लावून छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, एकदम बराबर निघाली.

परत आलो तर मुहूर्त टळून गेल्ता. नवरा-नवरी घामाघूम, पाहुणे अक्षता मुठीत धरून पेंगून राह्यलेले. मेव्हणा माझ्याच वाटेकडं डोळे लावून उभा, हातात भगवा फेटा.

"दाजी, तुम्ही थोरले. तुम्हाला मी माझ्या हातानं बांधणार होतो, म्हणून फेटेवाल्याला नको म्हणलं."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. फेटा मात्र झकास बसला.

शोभा आली बरं का परत. पण पुढल्या खेपेला मॅडमनं विचारलं, "फेटा बांधला तेव्हा आत काय जाणवलं?" मी डोळे मिटले, छातीवर हात नेला, तोच शोभानं माझा हात खाली ओढला.

"मॅडम, यांना पहिल्यासारखं चिडायला शिकवा. तमाशा व्हायचा, पण लग्न तरी वेळेवर लागायचं."