सांदीतला रंग

आमच्या घरी देवाच्या पूजेला एखादा दिवस खाडा पडायचा, सांदींच्या तपासणीला कधी पडला नाही. सांद म्हणजे फट, दोन वस्तूंमधली अरुंद जागा. आई हा शब्द अंगासाठी वापरायची. कानामागची सांद, बेंबी, मानेची वळी, गुडघ्यामागचा खळगा, नखांखालची जागा, पायाच्या बोटांमधली जागा. "अंग काय, म्हैस पण धुते," ती म्हणायची. "डबक्यात बसली की झाली आंघोळ. सांदी धुतो तो माणूस." दर रविवारी सकाळी ती मोरीच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायची आणि आधी मला, मग बाबांना समोर उभं करायची. कान पिळून मागे बघायची. खोबरेल तेलात भिजवलेला कापसाचा बोळा बेंबीत फिरवून उजेडात धरायची. बोळा मळका निघाला तर आमच्या नाकाखाली आणून म्हणायची, "घे, वास घे स्वतःचा." मी सहा वर्षांची असल्यापासून मला माझ्या बेंबीचा वास माहीत आहे. बऱ्याच लोकांना तो पन्नाशीतही माहीत नसतो, आणि ते त्यांच्याकडे बघून कळतं.

बाबा अंबरनाथ एमआयडीसीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. पिंपात पावडर ओतायची, ढवळायचं, पिंप रिकामं झालं की धुवायचं. तिथे साबण होता, नळ होता. आंघोळ करूनच ते घरी यायला निघायचे, नाहीतर शेअर रिक्षात त्यांना कोणी शेजारी बसू दिलं नसतं. तरी रंग सांदीत राहायचा. कारखान्यात ज्या रंगाची ऑर्डर, त्या आठवड्यात त्या रंगाचे बाबा. पिवळ्या आठवड्यात त्यांची नखं हळद लागलेल्या नवऱ्यासारखी असायची. निळ्यात कानामागे शाई. लाल सगळ्यांत वाईट, तो दिवसचे दिवस झिरपायचा, घाम आला की मानेच्या वळीतून बनियनवर उतरायचा. त्यांचा टॉवेल वेगळा, उशी वेगळी, खुर्चीवर बसायचं तर आधी जुनी चादर टाकून. आई त्यांना "अहो" म्हणायची आणि पुढे जे बोलायची ते त्या "अहो"ला शोभणारं नसायचं. "अहो, बेंबी आहे का रंगाची वाटी?" "अहो, बैलाला तरी पोळ्याला एकदाच रंगवतात." बाबा हसायचे. मोरीत उकिडवे बसून वजरीने टाचा घासत हसत राहायचे, आणि मला आईपेक्षा त्यांच्या हसण्याचाच जास्त राग यायचा.

दहावीला शाळेत पालकांना बोलावलं होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. मी म्हटलं, "तुम्ही नका येऊ, आईला येऊ दे."

"का गं?"

"कान," मी म्हटलं.

त्यांनी कानामागून बोट फिरवलं, ते बोट बघितलं आणि "बरोबर आहे" म्हणाले. शर्ट परत घडी करून ठेवला. ही घडी त्यांनी फार नीट घातली होती.

मी तेवीस वर्षांची असताना आई गेली आणि तपासणी माझ्याकडे आली. तोवर मी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला लागले होते. मालकीण सिंधी होती, जिभेने गोड आणि नजरेने सुरी. पहिल्याच दिवशी तिने मला शिकवलं, "बेटा, चेहरा तो सब धोते हैं. तू पीछे देख." मी मागे बघायला लागले आणि माणसांवरचा माझा उरलासुरला विश्वास उडाला. हिऱ्याच्या कुड्या घातलेल्या बायकांच्या कानाच्या पाळीमागे मी असा मळ बघितला आहे की त्यात कोथिंबीर पेरावी. वर्षानुवर्षं न काढलेल्या अंगठ्यांखालचं पांढरं कातडं, मंगळसूत्राच्या दोऱ्याखाली मानेवर पडलेला काळा पट्टा, महागड्या अत्तराखाली दबा धरून बसलेला काखेचा वास, सगळं बघितलं. वरून कीर्तन आतून तमाशा, हे ज्याने म्हटलं तो आधी पार्लरमध्ये काम करत असला पाहिजे.

पायांचं काम माझ्याकडेच असायचं. कोमट पाण्यात पाय भिजवायचे, टाचा घासायच्या, मग एकेक बोट उलगडून मधली जागा मऊ टॉवेलने कोरडी करायची. ती जागा कोणीच पुसत नाही. लोक पाय धुतात आणि पाणी तिथेच ठेवून चप्पल घालतात. बोटांमध्ये चिखल्या दिसल्या की मी हळू आवाजात सांगायचे, "मॅडम, इथे ओलं ठेवू नका. शुगर असेल तर रोज बघत जा, लागलेलं कळत नाही." हे वाक्य मला पाठ होतं. बाबांना शुगर होती, हेही मला पाठ होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात. आमच्याकडे दिव्याला खालचा अंधार चांगला ठाऊक होता, फक्त वाकायचा कंटाळा होता.

घरी मी आईसारखा पाट मांडत नसे, मी सुधारलेली होते. बाबा कामावरून आले की मी दारातच मोबाइलची टॉर्च लावायचे. "मान वळवा. हात दाखवा. दुसरा कान." ते चप्पल काढायच्या आधी वळायचे. पाय मात्र मी कधी बघितले नाहीत. दिवसभर परक्या पायांशी वाकून आल्यावर घरी फुकट कोण वाकणार? "पाय तुमचे तुम्ही बघा," असं मी त्यांना सांगून टाकलं होतं. मी त्यांना कधी अरेतुरे केलं नाही. त्यांचा जेवढा अपमान केला तेवढा सगळा आदरार्थी बहुवचनात केला.

मग एका दिवाळीनंतर त्यांचे कान स्वच्छ निघायला लागले. मान स्वच्छ, नखं स्वच्छ. आईला जे वीस वर्षांत जमलं नाही ते माझ्या धाकाने झालं, असं मी पार्लरमध्ये सगळ्यांना सांगितलं. त्याच खुशीत मी कुळगावच्या आमच्या दोन खोल्यांत पांढऱ्या लाद्या बसवून घेतल्या. बाबा म्हणाले, "पांढऱ्या नको गं, डाग दिसतील." मी म्हटलं, "दिसावेत म्हणूनच घेते."

दिसले. पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी मोरीपासून खाटेपर्यंत लादीवर तांबडे ठिपके उमटले होते.

"हे काय?"

बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी ठिपक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रंग असेल."

"कानाला नाही, नखाला नाही, आणि पायाला रंग?"

"पिंप सांडलं. बुटात गेला."

मी फडकं त्यांच्याकडे फेकलं. त्यांनी गुडघ्यांवर बसून सगळे ठिपके पुसले, लादीच्या कडेचेसुद्धा. दुसऱ्या दिवशी परत तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना बादली दिली आणि म्हटलं, पाय धुऊन होईपर्यंत घरात यायचं नाही. ते जिन्यात पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरचे काका उतरताना थांबले, तेव्हा बाबा म्हणाले, "जरा हवा खातोय." आमच्या जिन्यात हवा नाही, खिडकीच नाही. मला आतून ऐकू आलं आणि हसू आलं. हे लिहायला नको वाटतं, पण मी हसले होते.

तिसऱ्या दिवसापासून ते घरातही मोजे घालायला लागले. जाड, तपकिरी मोजे.

"मोज्यात लपवून रंग जातो का?" मी विचारलं.

"जाईल हळूहळू."

"इतके दिवस लालच चालू आहे?"

"मोठी ऑर्डर आहे, बाहेरदेशची."

ते थोडे लंगडत होते. मी म्हटलं, नाटकं करू नका. ते सरळ चालायला लागले.

पुढे वास यायला लागला. मला नाकाचा गर्व आहे, कुठल्या बाईने कालचाच ब्लाऊज घातला आहे हे मी दारातून सांगू शकते. हा वास घामाचा नव्हता, मोज्यांचा नव्हता. रविवारी दुपारी जेवताना तो माझ्या ताटापर्यंत आला. मी ताट सारलं आणि म्हटलं, "मोजे काढा."

"जेवून घे आधी."

"काढा म्हटलं ना."

त्यांनी दोन्ही हातांनी पाय धरून ठेवला. मी मोजा ओढला. तो चिकटला होता, म्हणून जोर लावून ओढला, आणि करंगळीचं नख मोज्याबरोबर निघून आलं. बाबा ओरडले नाहीत. त्यांना दुखलंच नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं आणि दोन्हींच्या मधल्या जागेत आतलं पांढरं दिसत होतं. पार्लरमध्ये रोज एकेक बोट उलगडून बघणारी मी, मला बघवलं नाही. मला ओकारी आली, आणि ती आलेली त्यांनी पाहिली.

दवाखान्यात डॉक्टर त्यांना विचारत होते आणि उत्तरं मीच देत होते. शुगर कधीपासून, गोळी कोणती, काम काय. मी म्हटलं, "केमिकलमध्ये आहेत, रंगखात्यात."

"गेटवर," बाबा म्हणाले.

"काय गेटवर?"

"गेटवर बसतो मी. दिवाळीपासून." ते डॉक्टरांकडे बघून बोलत होते. "हात थरथरतात म्हणून रंगखात्यातून काढलं. गेटवर कंपनीचे नवे बूट देतात, त्यातला उजवा चावत होता बहुतेक. मला कळलं नाही."

म्हणजे दिवाळीपासून आमच्या घरात रंग आलाच नव्हता. दहा महिने मी टॉर्च मारून जे स्वच्छ कान बघत होते ते माझ्या धाकाने स्वच्छ झाले नव्हते. आणि तुम्ही हल्ली काय काम करता, एवढं मी दहा महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. पांढऱ्या लादीवर मी त्यांच्याच हातांनी त्यांचं रक्त पुसून घेतलं होतं.

आधी दोन बोटं काढली. मग गुडघ्याखालून पाय काढला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणलं असतं तर कदाचित बोटांवर भागलं असतं. ते मला टोचून बोलले नाहीत. टोचून बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

वॉर्डात मी बाबांना विचारलं, "मला सांगितलं का नाहीत?"

"ओरडलेलं चालतं गं," ते म्हणाले. "रंग म्हटलं की तू ओरडतेस आणि मोकळी होतेस. जखम म्हटलं असतं तर बघायला बसली असतीस. बघताना तू नाक मुरडतेस ना, ते नको वाटतं. तुझी आई पण मुरडायची."

आता एक पाय उरला आहे. तो रोज बघायचा, एकेक बोट उलगडून, असं डॉक्टरांनी मला बजावलं आहे. बाबांना स्वतःला लागलेलं कळणार नाही आणि वाकून दिसणारही नाही. दुर्लक्ष झालं तर हाही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादी तपासणी कोणाच्या तरी भल्याची होती, आणि बाबा पाय दाखवेनात. मी खाली बसले की ते पाय चादरीखाली ओढून घेतात.

"केलाय मी साफ."

"साफ नाही बघायचं, बाबा. लागलंय का ते बघायचंय."

"साफ आहे. तू जा कामाला, उशीर होतोय."

मी रागावून बघितलं. रडूनही बघितलं. मी रडल्यावर ते घाबरले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण पाय काही बाहेर आला नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी ते गोळ्या घेऊन पडले होते. मी चादर वर केली, मोजा काढला आणि पाय मांडीवर घेतला. दिवाळीचा नमस्कार सोडला तर मी जन्मात कधी त्यांच्या पायाला हात लावला नव्हता. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो हलका होता. इतका स्वच्छ पाय मी पार्लरमध्येही बघितलेला नाही. नखांखाली काही नाही, टाचेच्या भेगांत काही नाही. मग मी करंगळी बाजूला केली. तिथे कातडंच उरलं नव्हतं. भांडी घासायच्या तारेच्या घासणीचे दोन बारीक तुकडे ओल्या मांसात रुतले होते. मी कामावर गेले की ते रोज घासत असणार. दुखत नव्हतं, त्यामुळे थांबायचं कुठे ते त्यांना कळलं नसणार. मी पुढची सांद उलगडली, तिथेही तेच.

मी वर बघितलं. ते झोपले नव्हते. डोळे घट्ट मिटून, खाटेची कड मुठीत धरून पडले होते.

"निघालं ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"निघालं," मी म्हटलं, आणि त्यांचा पाय मांडीवर तसाच धरून रिक्षावाल्याला फोन लावला.