देवकरबाईंची मंडळी

देवकरबाई पाकिटांचा ताप पाहायच्या. उलटा हात पाकिटावर टेकवून म्हणायच्या, "गरम लागायलंय हो." चाकणजवळच्या एका शेडमध्ये आम्ही जिवाणू खत बनवायचो. हवेतला नत्र पिकाच्या मुळाशी आणून देणारे जिवाणू, काळ्या भुकटीत भरलेले. बाई मूळच्या लातूरकडच्या; त्या प्रयोगशाळा सांभाळत, मी माल पाठवत असे. माझ्या लेखी ती पाकिटं, बाईंच्या लेखी 'मंडळी'. टेम्पो चौकात कंटेनरांमागे अडकला की बाईंचा फोन ठरलेला. "मंडळी उन्हात हायेत का सावलीत?"

एका जूनमध्ये राजगुरुनगरजवळच्या गावात वाटपाचा समारंभ होता. मांडव होता, पण पाहुण्यांसाठी. पाकिटांचा मनोरा त्याच्यापुढे भर उन्हात रचलेला. प्रमुख पाहुणे रिवाजाप्रमाणे उशिरा आले आणि मातीतल्या क्रांतीवर बोलू लागले. बाई मनोऱ्यावर छत्री धरून उभ्या. माझ्या कानाशी पुटपुटल्या, "क्रांती शिजायली बघा."

तपासायला एकही पाकीट न उरता सगळी वाटली गेली, आणि बाईंच्या जिवाला घोर लागला. मेलेली भुकटी बियाण्याला चोळून लोक आमच्या भरवशावर पेरणार होते. बाईंनी तिथल्या बबनराव नावाच्या शेतकऱ्याला गाठलं. "सोयाबीनच्या दोन ओळी कोऱ्या पेरा, आमची मंडळी न लावता. बाकीच्यांत फरक दिसला तर समजायचं, जगली."

"व्हय," बबनराव म्हणाले.

फुलोऱ्यात आम्ही त्यांच्या रानात गेलो. बाईंनी एक रोप मातीसकट उपटलं आणि मुळावरची गाठ नखाने फोडली. आत लाल. म्हणजे जिवाणू कामाला लागले होते.

"लाल हाय की बाई! आता तरी हसा," बबनराव म्हणाले.

"हाय, पण आमचीच कशावरून? मागच्या सोयाबीनची जुनी मंडळी मातीत टिकून असतात. बाहेरच्यांना मुळाशी जागा देत न्हाईत. कोऱ्या ओळी दाखवा."

बबनराव घुटमळले. "त्यास्नी बी लावलं, बाई. एका पंगतीत दोघांनाच उपाशी ठेवायचं, बरं दिसतं का?"

बाई बांधावर बसल्या. "मग मला कळावं कसं हो?"

"कळायचं काय त्यात? रान हिरवं हाय."

पुढे दर हंगामात बाई कोऱ्या ओळी मागत राहिल्या आणि बबनराव दर हंगामात व्हय म्हणत राहिले.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. बबनराव बाईंच्या आकुर्डीच्या घरी भेटायला आले. बाईंच्या मुलाला म्हणाले, "बाईंची मंडळी हाय अजून आमच्या रानात."

याला पुरावा काहीच नव्हता. तो मागणारं माणूसही आता त्या घरात नव्हतं.