आण्णांनी हाताने चालवलेलं मशिन

"नळी घालायची न्हाई म्हणलं ना! जन्मभर मशिनी खोलल्यात मी, मला शिकवतो काय!"

माझ्या वडिलांचा, आण्णांचा, हा आवाज आयसीयूतून थेट पार्किंगपर्यंत गेला. आणि डॉक्टर म्हणे यांची फुफ्फुसं संपलीत!

आधीच सांगतो – मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. भूतखेत वगैरे आमच्या गेटच्या बाहेर. पण...

आण्णा तीस वर्षं मेंटेनन्स फिटर. चालत्या मशिनवर नुसता तळहात ठेवून बेअरिंग गेलंय का सांगायचे. परदेशी इंजिनिअर वाकून नमस्कार करायचे... बरं, निदान चहा तरी पाजायचे.

व्हेंटिलेटरने चार दिवस वाढले असते, इतकंच. त्याचा खर्च सरकारी योजनेच्या कार्डात बसत होता. घरचा ऑक्सिजन, घरी येणारी नर्स – यातलं काहीच बसत नव्हतं.

"म्हणजे घरी मरायचं कार्ड न्हाई व्हय?" आण्णांनी विचारलं.

कासारवाडीला घरी आणलं. हवेतून ऑक्सिजन काढणारं मशिन भाड्याने घेतलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोनला डीपी उडाली, गल्लीतली लाईट गेली. मशिन बंद. फोन करून बोलावलेला ऑक्सिजन सिलिंडरवाला ट्रॅफिकमध्ये. आण्णांचे ओठ निळे पडायला लागले. मी अँब्युलन्सला फोन लावला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाळ्या, परत तिथं न्हाई. मशिन सरकव इकडं."

तळहात ठेवला. डोळे मिटले. आणि राव... मशिन घुर्रर्र करून सुरू!

पंखा बंद, फ्रीज बंद. मी प्लग उपटला – प्लग माझ्या हातात, मशिन चालूच! बावीस साक्षीदार आहेत. खोलीत आठच मावतात, बाकीचे जिन्यात होते. आण्णा आईशी पोटभर बोलले, चहात साखर कमी म्हणून भांडले. साडेचारला हात घसरला. मशिन थांबलं. आण्णाही.

लाईट सहाला आली.

दुसऱ्या दिवशी भाड्याचं मशिन न्यायला टेक्निशियन आला. मी ते त्याला खोलायलाच लावलं. आत बॅटरी नाही, काही नाही. त्यानंतर चार इंजिनिअरांना विचारून झालं. चौघांनी विषय बदलला.

त्या टेक्निशियनला मात्र मी छाती फुगवून सांगितलं, "फिटर होता माझा बाप, भावा! लाईट नसताना अडीच तास चालवलं त्यानं!"

त्याने फॉर्म पुढे केला.

"इथं सही करा."