लांब दांडीचा फडा

मौद्याच्या पुढे हायड्रोजनच्या एका प्लांटवर मी वेल्डिंगच्या कामाला होतो. तिथल्या सेफ्टीच्या मॅडमचं नाव मी कधी विचारलं नाही. हेल्मेटखाली रुमाल, कपाळावर ठसठशीत टिकली आणि हातात शिंदीचा झाडू, आमच्याकडचा फडा, बांबूच्या लांब दांडीला बांधलेला. हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही, तिला धूरही नसतो. म्हणून आग शोधताना फडा पुढे धरून चालायचं, असं त्या येईल त्याला सांगत. आम्ही हो म्हणायचो. पण झाडू घेऊन आगीपुढे जाणार कोण?

एका दुपारी सायरन वाजला. सगळे गेटकडे पळालो. पाइपांपाशी काहीच दिसत नव्हतं, नुसता फुसफुस आवाज येत होता. मॅडम मात्र फडा पुढे धरून उलट आत निघाल्या, झोपलेल्या लेकराजवळून जावं तशा हलक्या पावलांनी. मोकळ्या हवेत फड्याचं टोक एकदम पेटलं. त्या तिथंच थांबल्या आणि वॉकीटॉकीवर म्हणाल्या, "कॉम्प्रेसरमागची लाइन बंद करा." हळूहळू आवाज विरला.

चहाच्या वेळी मी विचारलं, "मॅडम, तुमाले भेव नाही लागत का?"

"लागते ना भाऊ! म्हणून त दांडी एवढी लांब ठेवली."

दुसऱ्या सकाळी त्यांनी नव्या फड्याला, घरी लावतात तसं, हळदकुंकू लावून तो गेटजवळ उभा केला. आत जाताना माझा पाय चुकून दांडीला लागला. मी थांबलो, वाकलो आणि त्याच्या पाया पडलो.