उपरण्यातला पराग

छगनकाका बोलण्याआधी एकदा खाकरतात. खोटं बोलायचं असलं तर दोनदा. नेवाशाच्या पोलीस ठाण्यात ते दोनदा खाकरले.

"खर्र, खर्र... साहेब, आमी घरीच हुतो. इस्तवाजवळ गेलोच न्हाई."

शेजारच्या रामहरीची कडब्याची गंजी जळाली होती आणि काकांच्या घरात धुराचा वास मारणारं, टोकाला करपलेलं उपरणं सापडलं होतं. बांधाच्या भांडणापायी दोन घरांत अकरा वर्षं अबोला. "त्याच्या दान्याला शिवलो तर नाव बदलीन," असं काका पारावर बोलून बसलेले. संशय दुसऱ्या कोणावर जाणार? आठ दिवस रोज ठाण्यात हजेरी. सकाळ ते संध्याकाळ तेच बाकडं, तीच भिंत.

उपरणं तपासायला संगमनेरला निवेदिता मॅडमकडे गेलं होतं. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. नवव्या दिवशी त्या स्वतःच ठाण्यात आल्या. "उपरण्यात पराग सापडले."

हवालदारांनी पेन उघडलं. "पराग कोन? आडनाव सांगा, उचलतो."

"अहो, परागकण! ज्वारीच्या कणसाला चिकटून राहिलेले." मॅडमचं बोलणं निवडलेल्या तांदळासारखं, एकही खडा नाही. "आच लागली की पिवळा कण तांबूस होतो, मग तपकिरी, मग काळा. फारच तापला तर उरतही नाही. वेगवेगळ्या आचेवर तापवून मी ताडून पाहिलंय. गंजीच्या राखेत जे थोडे उरलेत ते कोळशासारखे काळे. उपरण्यातले तपकिरी आणि अख्खे. हे जळालेले नाहीत, भाजलेले आहेत. सोबत कोवळ्या दाण्याचं कूसही आहे."

"म्हंजी हा सुटला?"

"उपरणं गंजीच्या आगीत नव्हतं, एवढंच मी सांगते. माणूस कुठे होता ते माणसानेच सांगावं."

तक्रारदार म्हणून येऊन बसलेला रामहरी ताडकन उठला. "हुरडा! आन् कोनाचा रं, छगन? तुझ्या रानात तर औंदा निस्ता कांदा हाय."

दाराशी उभी मनकर्णाकाकू काकांवर कडाडली, "बोला की ओ! न्हाईतर ऱ्हावा हितंच."

खर्र. एकदाच.

"तुझाच हुता. गंजी पेटली तवा वढ्याकडच्या कोपऱ्यात आगटी केल्ती, बघ जाऊन. लई गोड हुता."

आगटी सापडली, शेजारी चोळलेली कणसंही. काका सुटले.

रामहरी आता बोलतो. रोज बांधावर उभा राहून, तोंडभरून: "ओ परागशेट, न्याहारी झाली का?"

काकांच्या रानाला वाट तीच एक.