अक्काला काळी काच नको होती

त्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाण्याआधी मी मोटारसायकलींची सीट शिवणाऱ्याच्या दुकानात उभी होते. मला लाल रेक्झिनचा वीतभर तुकडा हवा होता. "कोणती गाडी हाय, मॅडम?" त्यानं विचारलं. हेलिकॉप्टर म्हटलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं, म्हणून मी नुसतंच "छोटी आहे" म्हणाले. तो कात्री चालवत असतानाच दवाखान्यातून नर्सचा फोन आला. "लवकर या," एवढंच ती म्हणाली... आणि तिच्या आवाजावरून मला कळलं, की आता लवकर जाऊन काही उपयोग नाही.

माझी थोरली बहीण सुजाता गेली, त्याला आता सहा आठवडे झाले. गावाला ती मॅडम होती, मला अक्का. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गावर तिनं उभा जन्म काढला. जिंतूरपासून ताडकळसपर्यंत शेतातल्या पंपाची मोटार जळली की जी दुकानं आत नवी तार गुंडाळून ती भरून देतात, त्यांतली कितीतरी तिच्याच विद्यार्थ्यांची आहेत. लग्न तिनं केलं नाही. माझे यजमान गेले, मी ताडकळसच्या शाळेतून निवृत्त झाले आणि परभणीला तिच्याकडेच राहायला आले. आमचे दोघींचे स्वभाव म्हणजे दोन टोकं. ती तारेवरचं वार्निश वाळेपर्यंत शेजारी बसून राहणारी, आणि मी कुकरची शिट्टी चमच्यानं उचलून वाफ घालवणारी. शिकवताना तिची भाषा पुस्तकी असायची, पण घरात पाऊल टाकलं की आमच्या लहानपणच्या येलदरीची.

निवृत्तीनंतर बायका लेकीकडे जातात, गुडघ्यांना तेल चोळतात. अक्कानं हेलिकॉप्टर काढलं. रेडिओवर चालणारं, पण खेळण्यातलं नव्हे. खऱ्याची हुबेहूब प्रतिकृती, चार फूट लांब. आधी एका लहानशा हेलिकॉप्टरवर तिनं पहाटे मैदानात जाऊन हात बसवला, मग फायबरचं कापड आणि रेझिन आणून ओसरीत मोठ्याचं अंग घडवायला घेतलं. सहा महिने आमच्या घरात पोळीलासुद्धा रेझिनचा वास होता. मी कुरकुर करायची, पण शेजारणींपुढे तेवढ्याच तोऱ्यात मिरवायचीही.

खरा घोळ पुढे झाला. असल्या हेलिकॉप्टरचा सगळा जीव त्याच्या आतल्या सांगाड्यात असतो. मोटर, दातेरी चाकं, बॅटरी, पंखा तिरपा करणारे दांडे, या सगळ्याला मिळून मेकॅनिक्स म्हणतात, आणि ते बाहेरून आणावं लागतं. इंजिनाचं घ्यावं की विजेचं, हा प्रश्न अक्काला पडलाच नाही. जन्म तांब्याच्या तारेत गेलेला. तिचा प्रश्न विजेच्या दोन मेकॅनिक्समधला होता. पहिलं तयार होतं, पुण्याच्या दुकानातून आठ दिवसांत घरपोच. पण ते उंच, आणि त्याची बॅटरी नेमकी वैमानिकाच्या जागी बसणार. म्हणजे केबिनभर यंत्राचा पसारा, आणि तो दिसू नये म्हणून खिडक्यांच्या काचा काळ्या रंगवायच्या. बरेच हौशी लोक तसंच करतात म्हणे. दुसरं बुटकं होतं. मोटर मागे, बाकी सगळं केबिनच्या तळाखाली मावणारं. पंखाही खऱ्यासारखा संथ फिरवणारं. पण ते मागणी नोंदवल्यावर परदेशात बनणार आणि चार महिन्यांनी येणार. अक्कानं दोन्हींच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके केले, बॅटरीच्या वजनाइतकी तुरीची डाळ पिशवीत भरली, आणि ती पिशवी कधी नाकात, कधी पोटात ठेवून हेलिकॉप्टर दोन बोटांवर तोलत बसायची. डाळ आमटीसाठी मागितली तर म्हणायची, "थांब गं, तोल निघायलाय."

"काळ्या करून टाक की काचा," मी म्हणायची. "वर गेल्यावर आत कोण डोकावतंय?"

"शाले, तुझं म्हंजी पी हळद अन् हो गोरी," ती हसायची. मग एकदा हसणं थांबवून म्हणाली, "तुला येलदरीचं आठवत न्हाई का?" मला अंधूक आठवत होतं. आमचे वडील, दादा, येलदरीच्या धरणावर मजूर होते. तिथल्या मैदानात एकदा कुणा पाहुण्याचं हेलिकॉप्टर उतरलं आणि सगळी वसाहत धावली. अक्का तेव्हा नऊ वर्षांची. ती गर्दीतून पार खिडकीपर्यंत पोचली, काचेला नाक लावलं, तेवढ्यात दादांनी दंड धरून मागे ओढलं. "लांबून बगा. आपल्यासाठी न्हाई ते." दादांचा सगळा जन्मच लांबून बघण्यात गेला होता, त्यांना दोष तरी काय देणार... "लाल शिटं दिसली व्हती," अक्का म्हणाली. "मला उडायचं न्हवतं गं. आत बगायचं व्हतं. ते बगून झालंच न्हाई." त्यानंतर मी काळ्या काचेचं नाव काढलं नाही.

दिवाळीनंतर तिचं जेवण तुटलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. पोटातली गाठ पसरली होती. "दोन-तीन महिने धरून चला," ते म्हणाले. बाहेर बाकावर अक्का बसली होती. मी तिला सांगितलं, अल्सर आहे, औषधानं बरा होईल. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रिक्षा बघायला उठली. पुढच्याच आठवड्यात ती तापानं पडून होती, तेव्हा म्हणाली, "शाले, ठरलं माजं. दुसरंच घ्यायचं. पुण्याला फोन लावून सांग." मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. चार महिने... मी ओट्याला टेकून बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले. मग दुकानदाराला म्हटलं, "पहिलं पाठवा. तयार असलेलं."

आठव्या दिवशी खोकं आलं. अक्कानं ते मांडीवर घेऊन उघडलं. मी घाईघाईनं म्हटलं, "दुकानदार चुकला वाटतं."

"त्यो न्हाई चुकला." तिनं सांगाड्याची उंची वितीनं मापली. मग म्हणाली, "डॉक्टर काय म्हनला व्हता, शाले?"

मी खोक्यातले कागद गोळा करायला लागले.

"किती?"

"दोन-तीन महिने." मी रडायला लागले. "तुझ्या हातानं उडावं म्हणून केलं गं, अक्का..."

"अन् माजं मरन मला खोक्यातून कळावं व्हय?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी ताट ठेवायची, ती चार घास खायची, मी ताट उचलायची. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः पुण्याला फोन लावला, खोकं परत घ्यायला सांगितलं आणि दुसऱ्या मेकॅनिक्सची मागणी नोंदवली. मी दारात उभी होते. "अक्का, चार महिने लागतील," मी कशीबशी म्हणाले. तिनं मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला. "येळ थोडा हाय म्हनून नको ते काम करायचं का? थोडा हाय म्हनूनच नीट करायचं." मग उशी सरकवत म्हणाली, "अन् आता खोटं बोलू नको. लय वंगाळ बोलतीस तू, समदं तोंडावर दिसतंय."

त्यानंतरचे सात आठवडे आमच्या घरात कुणी खोटं बोललं नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात अवघड दिवस, आणि सांगायला जीभ अडखळते, पण सगळ्यात चांगलेही. आईचं काय चुकलं, दादांचं काय चुकलं, मी तिच्याशी कितीदा भांडले, सगळं बोलून झालं. बोलता बोलता ती पलंगावर बसून केबिन करायची. घड्याळाच्या पट्ट्याचे सीटबेल्ट, छताला तांदळाएवढा दिवा. सीटांवरचं लाल रेक्झिन तेवढं राहिलं होतं. ती दमली की काम माझ्याकडे यायचं, आणि मी घाई केली की माझ्या मनगटावर चापट बसायची. त्या दिवशी मी दुकानदाराला अक्काचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं असतं, तर शेवटपर्यंत अल्सर-अल्सर करत राहिले असते. केलं ते चूकच होतं. पण त्या चुकीनंच मला माझी बहीण परत मिळाली, हेही तितकंच खरं.

अक्का गेल्यावर पुण्यानुमोदनाची वंदना झाली, त्या दिवशी तिचे विद्यार्थी आले होते. चाळिशी-पन्नाशीची माणसं, पण एकेक जण वाकून त्या खिडकीतून आतली लाल सीटं बघून गेला. हेलिकॉप्टर तिच्याच खोलीत, तिच्या टेबलावर आहे. पोट अजून रिकामं आहे. परभणीची धूळ कुणाला सोडत नाही, म्हणून मी रोज सकाळी चहाच्या आधी मऊ फडक्यानं त्या काचा पुसते. घाईनं पुसल्या तर चरे पडतात, हे आता मला कळतं.

परवा काचा पुसतानाच पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला. सुजाता मॅडम आहेत का, त्यानं विचारलं. मी त्यांची बहीण, म्हटलं. माल परदेशातच अडकलाय, तो अजिजीनं सांगू लागला, आणखी दोन महिने तरी लागतील. "फार उशीर होतोय, मॅडम. तुम्हाला घाई असेल तर ते पहिलंच पुन्हा पाठवू का? आठ दिवसांत मिळेल."

"नको," मी म्हणाले. "आम्ही थांबू. आम्हाला काही घाई नाही."